कसबा, पेठ आणि ओढा

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर पहूर लागते. जामनेर तालुक्यातील या गावाची दोन नावे आहेत : पहूर कसबे आणि पहूर पेठ. कसबा म्हणजे मुलखाच्या कारभाराचे ठाणे आणि पेठ म्हणजे व्यापाऱ्यांनी गजबजलेला बाजार. एकाच गावाची ही दोन अंगे. गावाजवळून वाघूर वाहते. अजिंठ्याच्या डोंगरात सात कुंडांतून उड्या घेत, लेण्यांच्या पायाशी घोड्याच्या नालासारखे वळण घेऊन ती खाली उतरते आणि पुढे तापीला मिळते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला ज्या दरीच्या काठावरून लेणी दिसली, ती दरी वाघुरीनेच कोरलेली. त्या दरीत तिला कोणी सरळ केले नाही, तिच्या अंगाला कोणी भिंती घातल्या नाहीत. भिक्षूंनी लेणी खोदली तीही तिचे वळण पाहून, पात्राच्या पुष्कळ वर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा बेताने.

या लेखाचा विषय मात्र वाघूर नाही. कसबा आणि पेठ ही जोडी आमच्या वाचकांना पहूरमुळे परिचयाची आहे आणि तीच जोडी ज्याच्या इतिहासाची किल्ली ठरावी, असे आणखी एक गाव महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे पुणे. पुणे हेही मुळात एक कसबाच. त्याला एकामागून एक पेठा जोडल्या गेल्या आणि त्याचे शहर झाले. या पेठांना जागा करून देण्यासाठी जो वाटेतून बाजूला सरकला, किंबहुना ज्याला सरकवण्यात आले, तो एक ओढा होता. त्याचे नाव आंबिल ओढा. मोठ्या नद्यांची चरित्रे लिहिली जातात, त्यांची स्तोत्रे गायिली जातात. ओढ्याच्या वाट्याला असे काही येत नाही. परंतु शहराने आपल्या पाण्याशी आणि आपल्या माणसांशी कसा व्यवहार केला, हे पाहायचे असेल तर नदीपेक्षा ओढाच अधिक खरे सांगतो, असे आम्हांस वाटते.

कसबे पुणे मुठेच्या उजव्या तीरावर वसले. उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा, अशी तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली ही उंचवट्याची जागा. संरक्षणाला सोयीची, पाणी भरायला सोयीची. वाढायला मात्र अडचणीची. ज्याला गावठाणात जागा नसे त्याने ओढ्यापलीकडे जावे, असाच मग रिवाज पडला. आपल्या समाजाला जवळचे एक उदाहरण सांगावयाचे तर, १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरच्या पोर्तुगीज आणि इतर ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी जी जागा दिली, ती नागझरीच्या पूर्वेला नाना पेठेत. पुण्याचे सिटी चर्च आज तेथेच उभे आहे. जागा दिली हे पेशव्यांचे औदार्य खरेच. परंतु शहरात उशिरा येणाऱ्याला जागा मिळते ती ओढ्यापलीकडची, हेही त्यातून दिसते. पुढच्या काळात उशिरा येणाऱ्यांना ओढ्यापलीकडची जागाही उरली नाही. त्यांना ओढ्याचा काठ मिळाला. ती कथा यथाक्रम येईलच.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. वर्षाचे आठ महिने त्याच्याकडे कोणी लक्ष देऊ नये इतका तो लहान. पण त्याचा उतार तीव्र आहे, पाणलोट डोंगराळ आहे आणि पाऊस पडला की तासा-दोन तासांत पाणी खाली धावते. ओढ्याचे स्वरूप नदीहून भिन्न असते ते येथेच. नदी चढताना दिसते, ओढा आल्यावरच कळतो. जुन्या काळी हा ओढा पर्वतीच्या पायथ्यावरून सरळ उत्तरेकडे येई आणि आज जेथे बाजीराव रस्त्याच्या आसपासची दाट वस्ती आहे तेथून वाहत जाऊन शनिवारवाड्याच्या पश्चिमेला मुठेत पडे. त्याच्या पुराचा उपद्रव कसब्याला होई. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात, जिजाऊसाहेब आणि दादोजी कोंडदेव यांनी पुणे पुन्हा वसविले तेव्हा, या ओढ्याला पर्वतीजवळ बांध घालण्यात आल्याची परंपरा आहे. उजाड झालेल्या गावात माणसे परत यावीत तर आधी पाण्याची भीती जावी, हा विचार त्यामागे असणार.

ओढ्याच्या इतिहासातील खरा पालट मात्र अठराव्या शतकाच्या मध्यास झाला. नानासाहेब पेशव्यांच्या काळी पुणे ही मराठी राज्याची प्रत्यक्ष राजधानी झाली होती. सरदार, सावकार, शिपाई, कारागीर, भिक्षुक यांची रीघ लागली होती. नानासाहेबांनी या एका ओढ्यावर दोन ठिकाणी हात घातला. कात्रजला, उगमाजवळच, दगडी बांध घालून तळी केली. या तळ्यांचे पाणी जमिनीखालून बांधलेल्या दगडी नळातून शहरात आणले. हे काम १७५० च्या सुमारास सुरू झाले. हा नळ म्हणजे आजच्या अर्थाने नळ नव्हे. माणूस आतून चालत जाऊ शकेल एवढे ते भुयार आहे. ठिकठिकाणी त्यावर उच्छ्वास बांधलेले आहेत. पाण्याबरोबर येणारी हवा त्यांतून बाहेर पडावी, गाळ खाली बसावा आणि साफसफाईला माणूस आत उतरावा, अशी ही योजना. ना पंप, ना यंत्र. सारा कारभार उताराच्या बळावर. शेवटी हे पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातील हौदांत पडे. काळा हौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

दुसरा हात पर्वतीच्या पायथ्याशी. तेथे ओढ्याचे वळणच बदलण्यात आले. आज ज्या ठिकाणी दांडेकर पूल आहे त्या बाजूने ओढा पश्चिमेकडे वळविला गेला आणि तो गावाबाहेरून, आजच्या नवी पेठेच्या अंगाने, मुठेला मिळू लागला. मोकळ्या झालेल्या जागेवर पेठा पसरल्या. सदाशिव पेठ, नारायण पेठ या त्याच शतकातील वसाहती. वळणाच्या ठिकाणी, पर्वतीच्या पायाशी, नानासाहेबांनी मोठे तळे बांधले. काम रेंगाळते आहे हे पाहून पेशवे स्वतः हत्तीवरून उतरले आणि दगड उचलू लागले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, राज्यकर्त्याच्या मनात या तळ्याचे स्थान काय होते हे तिच्यावरून समजते. तळ्याच्या मधोमध बेट राखले होते आणि त्यावर पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीचे मंदिर बांधले. तोच तळ्यातला गणपती, आजच्या सारसबागेतला. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी वारले ते याच तळ्यावरच्या टेकडीवर, पर्वतीला.

येथे क्षणभर खानदेशात परत यावे लागेल. धुळे जिल्ह्यातील पांझरेवर, तसेच मोसम, आरम या नद्यांच्या काठी शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या फडपद्धती चालविली, हे आपल्याकडील वाचकांना सांगावयास नको. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि त्यांखाली फड. एका फडात एकच पीक. पाटकऱ्याने पाणी सोडावयाचे, जागल्याने राखण करावयाची आणि गावाने बसून यंदा कोणता फड भिजवावयाचा ते ठरवावयाचे. या व्यवस्थेची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. परंतु तिच्यातील एका साध्या अंगाकडे फारसे कोणी पाहत नाही. ते म्हणजे सांडम. कालव्यात आणि चाऱ्यांत गरजेपेक्षा जास्त पाणी आले तर ते वाहून जाण्यासाठी ठेवलेली मोकळी वाट. पाण्याला बांधणारा खानदेशी शेतकरी त्याला सुटण्याची जागा आधी ठेवून मगच बांधत असे.

हाच निकष पुण्याच्या ओढ्याला लावून पाहिला तर अठराव्या शतकाच्या कामाचे मर्म लक्षात येते. पेशव्यांनी ओढा वळविला हे खरे. निसर्गाची वाट मोडली हेही खरे. परंतु वळविताना त्यांनी पाण्याला थांबावयास जागा दिली. डोंगराच्या पायाशी कात्रजची तळी, वळणावर पर्वतीचे तळे, गावात हौद आणि खाली मोकळे रान. पुराचा जोर तीन ठिकाणी मोडत होता. आज आपण ज्याला पात्र बांधणे म्हणतो त्यात आणि या कामात फरक आहे तो येथे.

याचा अर्थ तो सुवर्णकाळ होता असा कोणी घेऊ नये. ज्या हौदांचे एवढे कौतुक, त्यांचे पाणी सर्वांसाठी नव्हते. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाची सावलीही विटाळ समजली जाई, तेथे हौदाला हात लावण्याची गोष्टच नको. पेशवाई १८१८ साली संपली, पण हौदांवरचा पहारा संपला नाही. पन्नास वर्षांनी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्या एका हौदाने नगराची सारी जलव्यवस्था उघडी पाडली. पाणी दगडी भुयारातून कोसभर दूर आणता येते, शेजारच्या माणसापर्यंत मात्र पोचवता येत नाही! इतिहासलेखकांनी कात्रजच्या नळाचे वर्णन करताना फुल्यांच्या हौदाचाही उल्लेख त्याच पानावर करावा, अशी आमची अपेक्षा आहे. ती क्वचितच पुरी होते.

इंग्रजी अमदानीत ओढ्याचे महत्त्व घटले. कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले आणि पुण्याच्या छावणीला व शहराला पाण्याचा नवा, मोठा आधार मिळाला. कात्रजचे पाणी येतच होते, पण त्याच्यावाचून अडेनासे झाले. ज्याच्यावाचून अडत नाही त्याची निगा कोण राखणार? विसाव्या शतकात पर्वतीचे तळे गेले आणि त्याच्या जागी बाग आली. बाग सुंदर आहे, पुणेकरांची लाडकी आहे. दिवाळी पाडव्याच्या पहाटे तेथे दिव्यांची रोषणाई होते. परंतु पुराचे पाणी घेणारी मधली जागा नाहीशी झाली, ही गोष्ट त्या रोषणाईत कोणाला दिसली नाही.

पुढचा घाव १९६१ चा. १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासला फुटले आणि मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या पुराची हकीकत महाराष्ट्र विसरलेला नाही. आमच्या विषयाशी त्याचा संबंध असा की, उद्ध्वस्त झालेल्या पुण्याने नंतर दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे पाय पसरले. पूरग्रस्तांच्या वसाहती उठल्या, सहकारी गृहरचना संस्था उठल्या, आणि नदीपासून दूर म्हणून लोक जेथे गेले तेथे ओढा होता. कारखाने आले, रोजगार आला, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी ओढ्यापासून चार हात दूर घर घेतले. ज्यांच्यापाशी नव्हता त्यांनी काठावर पत्रे उभे केले. अरण्येश्वराजवळची टांगेवाले कॉलनी, दांडेकर पुलाखालची वस्ती ही नावेच काय ते सांगतात. टांगे ओढणारे, ओझी वाहणारे, घरकाम करणारे, रस्ते झाडणारे. ज्यांच्यावाचून शहर एक दिवस चालू नये अशी ही माणसे.

याच सुमारास भाषेतही एक बदल घडला. लोक ओढ्याला नाला म्हणू लागले. वरवर पाहता शब्दाचाच फेर, पण दोहोंत भेद मोठा आहे. ओढ्याला उगम असतो, पाणलोट असतो, काठावर झाडे असतात, गुरे पाणी पितात. नाल्यात सोडले जाते ते सांडपाणी. नाव बदलले की वागणूकही बदलते. कात्रज आणि धनकवडी ही गावे १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. डोंगरउतारावर इमारती उभ्या राहिल्या, राडारोडा ओढ्याच्या पोटात जाऊ लागला, पूल आणि मोऱ्या अरुंद पडल्या. जेथे जागा होती तेथे दोन्ही अंगांना भिंती घालून पात्र सरळ करण्यात आले. कोठे काठाला बागा करून त्याला सुशोभित केले गेले. एकाच ओढ्याचे असे तुकडे झाले. येथे भिंतीत कोंडलेला, तेथे फुलझाडांनी सजविलेला, पुढे घरांच्या मागच्या दारी लोटलेला. प्रत्येक तुकड्याचा विचार स्वतंत्र झाला. पाणी मात्र एकच होते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ते आले. कात्रजच्या परिसरात काही तासांत मुसळधार पाऊस कोसळला, तळी ओसंडली आणि आंबिल ओढा दोन्ही काठ सोडून वस्त्यांत शिरला. पुणे शहरात आणि परिसरात त्या रात्रीच्या पुराने वीसहून अधिक माणसे गेली. टांगेवाले कॉलनीजवळ भिंत कोसळली आणि तिच्याखाली माणसे दगावली. मोटारी खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या, गोठ्यांतील जनावरे दावणीलाच बुडाली. ज्यांनी रात्र गच्चीवर काढली त्यांना पहाटे खाली चिखलाखेरीज काही दिसले नाही. इंजिनियर याचे कारण मोऱ्यांच्या मापात शोधतील, आणि ते चूक नाही. आमच्या मते कारण त्याहून जुने आहे. दोन शतकांपूर्वी ज्या वळणावर पाणी विसावत असे ते तळे राहिले नव्हते, आणि भिंतींनी सरळ केलेल्या पात्रात पाणी रेंगाळत नाही; ते अधिक वेगाने खालच्या माणसाच्या दारात जाते. कोंडलेल्या ओढ्याचा हा हिशेब आहे. वरच्याची सोय ती खालच्याची आपत्ती.

त्यानंतर काय झाले? संरक्षक भिंती बांधण्याचे, पूल रुंद करण्याचे काम निघाले. त्यातील काही आवश्यक होते. पण त्याबरोबर दांडेकर पुलाजवळ ओढा सरळ करण्याचीही योजना निघाली आणि २४ जून २०२१ रोजी, ऐन पावसाळ्यात, तेथील घरे पाडावयास यंत्रे आली. रहिवाशांनी, विशेषतः बायकांनी, वाट अडवली. त्याच दिवशी न्यायालयाने पाडकाम थांबविले. तोवर पुष्कळ घरे पडली होती. पुरापासून वाचविण्यासाठी घर पाडले असे सांगितले जाते, तेव्हा पाडलेल्या घरातला माणूस एवढेच विचारतो की, मग ओढ्याच्या जागेवर भराव टाकून उभ्या राहिलेल्या पक्क्या इमारतींचे काय? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. पूररेषा ही नकाशावरची रेषा आहे. ती गरिबाच्या दारात गडद आणि श्रीमंताच्या कुंपणाशी पुसट व्हावी, असे तिच्या स्वभावात काही नाही.

ओढ्याला त्याची जागा परत देणे अशक्य असते असे म्हणणाऱ्यांसाठी दक्षिण कोरियातील सोल शहराचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. तेथील चंगग्येचन हा ओढा आपल्या आंबिल ओढ्याचा दूरचा भाऊ शोभावा असा. योगायोग असा की, पुण्यात पेशवे ओढा वळवीत होते त्याच सुमारास, १७६० मध्ये, कोरियाच्या योंगजो राजाने दोन लाखांवर माणसे लावून त्या ओढ्यातील गाळ काढविला होता. १९५८ पासून तो काँक्रीटखाली झाकला गेला, वर उन्नत मार्ग उभा राहिला. २००३ मध्ये तो मार्ग पाडावयास घेतला आणि २००५ मध्ये सुमारे पावणेसहा किलोमीटर ओढा पुन्हा उजेडात आला. जगभरचे नगररचनाकार तो पाहावयास जातात. परंतु त्यातील बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडावे लागते, आणि मार्गाखाली पोट भरणारे हातगाडीवाले तेथून उठविले गेले, हे दोन तपशील कौतुकाच्या ओघात गळतात. पुनरुज्जीवन म्हणजे काय, आणि कोणाचे, हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. पुण्यातच रामनदीवर नागरिकांचे गट काही टप्पे स्वच्छ करून, काठाला झाडे लावून, झरे शोधून काम करीत आले आहेत. ४ ऑक्टोबर २०१० च्या रात्री त्या नदीनेही माणसे नेली होती. काम हळू आहे, डामडौल नाही. आम्हांला ते सोलपेक्षा जवळचे वाटते, कारण त्यात ओढ्याचा विचार उगमापासून होतो.

आंबिल ओढ्याच्या बाबतीतही विचार उगमापासून करावयाचा तर कात्रजची तळी आजही जागेवर आहेत. त्यांत मैलापाणी उतरते, जलपर्णी माजते, गाळ साचतो. पण नानासाहेबांचे दगडी बांध उभे आहेत. जुन्या नळाचे उच्छ्वासही अधूनमधून कोणाच्या अंगणात, कोणाच्या वाहनतळात दिसतात, आणि अनेकांना ते मंदिराचे पडके शिखर वाटते. तळ्याकाठी १९९९ मध्ये प्राणिसंग्रहालय झाले. सारसबागेला लागून असलेल्या पेशवे पार्कात पूर्वी जे वाघसिंह होते, त्यांची जागा अपुरी पडते म्हणून त्यांना रीतसर येथे हलविण्यात आले. पर्वतीच्या तळ्याशेजारून निघून ते त्याच ओढ्याच्या वरच्या तळ्याकाठी आले, आणि नवी जागा तयार होईपर्यंत त्यांचे जुने पिंजरे कोणी पाडले नाहीत.